ख्रिस्ती धर्मातील क्रीडारूपके

ख्रिस्ती धर्मातील क्रीडारूपके म्हणजे धावण्याची शर्यत, कुस्ती, मुष्टियुद्ध अशा खेळांतील अनुभवांच्या आधारे ख्रिस्ती श्रद्धेची शिकवण समजावून सांगण्याची परंपरा होय. या परंपरेचा उगम बायबलच्या नव्या करारात, मुख्यतः संत पौलाच्या पत्रांत आढळतो. पुढे रक्तसाक्ष्यांच्या कथा, मठवासी साधूंचे लेखन, एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील शिक्षणविचार आणि विसाव्या शतकातील खेळाडूंची चरित्रे यांतून ती विकसित होत गेली. आज प्रवचने, रविवारची शाळा, युवक शिबिरे आणि क्रीडासंघांसोबत काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्था यांत या रूपकांचा वापर होतो.

या परंपरेत दोन प्रवाह दिसतात. पहिल्या प्रवाहात खेळ हे केवळ उदाहरण असते. खेळाडूची तयारी, संयम आणि त्याग यांवरून श्रद्धावंताने काय शिकावे, हे त्यात सांगितले जाते. दुसऱ्या प्रवाहात प्रत्यक्ष खेळणे हेच चारित्र्य घडविण्याचे साधन मानले जाते आणि खेळाडूचे यश ही त्याच्या श्रद्धेची साक्ष ठरते. या परंपरेवरील बहुतेक टीकेचा रोख दुसऱ्या प्रवाहाकडे आहे.

पार्श्वभूमी

प्राचीन ग्रीक जगात ऑलिंपिया, डेल्फी, नेमिया आणि करिंथजवळील इस्थमिया या चार ठिकाणचे क्रीडामहोत्सव सर्वांत प्रतिष्ठेचे मानले जात. हे महोत्सव देवतांच्या नावाने भरत. इस्थमियाचा महोत्सव समुद्रदेव पोसायडनच्या सन्मानार्थ दर दोन वर्षांनी होत असे. येथे विजेत्याला धनाऐवजी पानांचा मुकुट मिळे. ऑलिंपियात तो रानटी ऑलिव्हच्या फांदीचा, डेल्फीत लॉरेलचा, नेमियात रानटी सेलरीचा, तर इस्थमियात काळानुसार पाइनच्या डहाळीचा किंवा सेलरीचा असे.

यहुदी समाजाचे या क्रीडासंस्कृतीशी असलेले नाते तणावाचे होते. इ.स.पू. दुसऱ्या शतकात यरुशलेमेत ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभारली गेली. तेथे तरुण ग्रीक रीतीप्रमाणे विवस्त्र होऊन व्यायाम करीत. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात या घटनेवर कठोर शब्दांत टीका आहे. तरीही ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या यहुदी लेखकांनी सद्गुणी माणसाला मल्लाची उपमा दिली. अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फायलो आणि मक्काबींचा चौथा ग्रंथ ही त्याची उदाहरणे होत. स्टोइक तत्त्वज्ञ सेनेका व एपिक्टीटस यांनीही हीच उपमा वापरली. त्यामुळे पौलाने वापरलेले रूपक त्याच्या वाचकांना अपरिचित नव्हते.

नव्या करारातील क्रीडारूपके

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकानुसार पौल करिंथ येथे दीड वर्ष राहिला आणि तंबू बनवून उपजीविका करीत होता. हा काळ सामान्यतः इ.स. ५० ते ५२ च्या सुमाराचा मानला जातो. इस्थमियाचे क्रीडास्थळ करिंथपासून काही मैलांवरच होते. त्यामुळे पौलाने हा महोत्सव पाहिला असावा, असा तर्क अनेक अभ्यासक करतात. परंतु त्याच्या लेखनात तसा थेट उल्लेख नाही. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या ऑस्कर ब्रोनीर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ पासून इस्थमिया येथे उत्खनन झाले. त्यात शर्यतीच्या प्रारंभरेषेची दगडी रचना उजेडात आली. तीत दोऱ्या ओढून सर्व धावपटूंसमोरील अडथळे एकाच वेळी खाली पाडण्याची सोय होती.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील उतारा (९:२४-२७) या परंपरेचा पाया मानला जातो. धावतात अनेक, पण बक्षीस एकालाच मिळते. स्पर्धक सर्व बाबतींत संयम पाळतो. त्याला मिळणारा मुकुट मात्र नाशवंत असतो, असे पौल तेथे मांडतो. आपण दिशाहीन धावत नाही आणि हवेत ठोसे मारीत नाही, असेही तो सांगतो. शरीराला शिस्त लावण्यासाठी त्याने योजलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे असा आहे. हा शब्द थेट मुष्टियुद्धाच्या आखाड्यातून आला आहे.

या उताऱ्याचा अर्थ लावताना त्याचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही, हा वाद चर्चिला आहे. काहींना ते खाण्यात गैर वाटत नव्हते. परंतु त्यांच्या वागण्यामुळे इतरांची श्रद्धा डळमळत होती. प्रेषित म्हणून मंडळीकडून चरितार्थ घेण्याचा हक्क आपल्याला आहे, तरी इतरांच्या हितासाठी आपण तो सोडला, असे पौल येथे सांगतो आणि त्यानंतर खेळाडूचे उदाहरण देतो. म्हणजेच या पहिल्या आणि सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या रूपकातील धडा प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याचा नसून स्वतःचा हक्क स्वेच्छेने सोडण्याचा आहे. उतारा संदर्भापासून तोडून वाचला की हा अर्थ नजरेआड होतो.

नव्या करारातील इतर उल्लेखांत पुढील उतारे येतात :

• फिलिप्पैकरांस पत्र (३:१२-१४) : मागे वळून न पाहता अंतिम रेषेकडे झेपावणारा धावपटू. आपण अद्याप तेथे पोहोचलेलो नाही, अशी कबुली पौल येथे देतो.

• गलतीकरांस पत्र (५:७) : चांगले धावत असताना मध्येच अडविला गेलेला धावपटू.

• तीमथ्याला पहिले पत्र (४:७-८) : शरीराच्या व्यायामाचा उपयोग मर्यादित असून भक्तीचा व्यायाम सर्व बाबतींत हितकर आहे, ही तुलना.

• तीमथ्याला दुसरे पत्र (२:५ आणि ४:७-८) : नियमानुसार न खेळणाऱ्याला मुकुट मिळत नाही, हा दंडक, तसेच आयुष्याच्या अखेरीस शर्यत पूर्ण केल्याचे समाधान.

• इब्री लोकांस पत्र (१२:१-२) : प्रेक्षागारात बसलेल्या साक्षीदारांप्रमाणे सभोवती असलेले पूर्वीचे श्रद्धावंत, आणि अंगावरचे ओझे टाकून धीराने धावण्याचे आवाहन.

तीमथ्याला लिहिलेली पत्रे पौलाची स्वतःची आहेत की त्याच्या अनुयायांची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इब्री लोकांस पत्राचा लेखक अज्ञात आहे.

शर्यत आणि श्रद्धा यांतील एक मूलभूत फरकही या उताऱ्यांत दिसतो. मैदानावर मुकुट एकालाच मिळतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र तो ख्रिस्ताच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या सर्वांसाठी राखून ठेवलेला आहे. इब्री लोकांस पत्रातील शर्यतीत प्रतिस्पर्ध्याचा उल्लेखच नाही. तेथे केवळ अंतर आणि धावणाऱ्याची सहनशक्ती आहे.

'मुकुट' या शब्दाचा अर्थ

मूळ ग्रीक मजकुरात विजेत्याच्या पानांच्या मुकुटासाठी 'स्टेफानॉस' हा शब्द येतो. राजाच्या शिरोभूषणासाठी ग्रीकमध्ये 'डायाडेमा' हा वेगळा शब्द आहे. मराठी बायबलमध्ये 'मुगुट' हा शब्द रूढ आहे. त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सोन्याचा, रत्नजडित राजमुकुट उभा राहण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात तो काही दिवसांत सुकणाऱ्या पानांचा असे. हा तपशील लक्षात घेतला तरच नाशवंत आणि अविनाशी या तुलनेतील धार समजते. सेलरीचा मुकुट तर आधीच वाळलेल्या पानांचा असल्याचे उल्लेख आहेत.

आद्य ख्रिस्ती काळ

दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने स्मुर्णा येथील बिशप पॉलिकार्प याला पत्र लिहिले. त्यात पॉलिकार्पने देवाच्या मल्लाप्रमाणे सावध राहावे, असा उपदेश आहे. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ होऊ लागल्यावर या रूपकाला भीषण वास्तवाची जोड मिळाली. ज्या रिंगणात खेळ होत, त्याच रिंगणात त्यांना श्वापदांपुढे टाकले जाई.

इ.स. २०३ मध्ये कार्थेज येथे पर्पेटुआ या तरुण मातेला अशाच प्रकारे मृत्युदंड देण्यात आला. तिच्या नावाने उपलब्ध असलेल्या तुरुंगातील निवेदनात एका स्वप्नाचे वर्णन आहे. त्या स्वप्नात ती रिंगणात एका धिप्पाड इजिप्शियन मल्लाशी लढून जिंकते आणि तिला सोन्याची फळे असलेली हिरवी फांदी मिळते. जागी झाल्यावर आपली लढत श्वापदांशी नसून सैतानाशी आहे, असा अर्थ ती लावते. लौकिक दृष्टीने जो पराभव होता, त्यालाच येथे विजय म्हटले आहे.

याच काळातील कार्थेजचा लेखक तर्तुलियन याच्या लेखनात परंपरेतील विसंगती ठळकपणे दिसते. रक्तसाक्ष्यांना उद्देशून लिहिताना तो तुरुंगाला मल्लांची सरावशाळा म्हणतो. परंतु सार्वजनिक खेळांवरील स्वतंत्र ग्रंथात मूर्तिपूजा आणि क्रौर्य या कारणांस्तव ख्रिस्ती माणसाने असे खेळ पाहूही नयेत, असे तो बजावतो. रूपक म्हणून खेळ स्वीकार्य आणि प्रत्यक्षात वर्ज्य, अशी ही भूमिका होती.

छळाचा काळ संपल्यावर हे रूपक मठवासी साधूंकडे आले. मार्सेय येथे मठ स्थापणारा जॉन कॅशियन याने पाचव्या शतकात मठजीवनाच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या पाचव्या भागात आहारावरील संयमाची चर्चा करताना त्याने क्रीडास्पर्धेचे उदाहरण सविस्तर वापरले आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला याने आपल्या ध्यानमार्गदर्शक ग्रंथाला 'आध्यात्मिक व्यायाम' असे नाव दिले. चालणे आणि धावणे हे जसे शरीराचे व्यायाम, तसे प्रार्थना व आत्मपरीक्षण हे आत्म्याचे, असे स्पष्टीकरण ग्रंथाच्या आरंभीच आहे.

एकोणिसावे शतक : खेळ हेच शिक्षण

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये या परंपरेला निर्णायक वळण मिळाले. चार्ल्स किंग्जली आणि टॉमस ह्यूज या लेखकांनी धर्मनिष्ठा, धैर्य आणि शारीरिक बल यांची सांगड घातली. ह्यूज यांची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही रग्बी शाळेवरील कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी किंग्जली यांच्या एका कादंबरीच्या परीक्षणात या विचाराला 'पीळदार ख्रिस्ती धर्म' अशा अर्थाचे नाव उपहासाने देण्यात आले आणि पुढे तेच रूढ झाले. किंग्जली यांना मात्र हे नाव पसंत नव्हते. मैदानावर मुलगा सचोटी, सांघिक वृत्ती आणि पराभव पचविण्याची ताकद शिकतो, ही कल्पना याच काळात शाळांमध्ये रुजली.

लंडनमध्ये १८४४ साली जॉर्ज विल्यम्स यांनी स्थापन केलेल्या यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन अर्थात वायएमसीए या संस्थेने हा विचार जगभर नेला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील तिच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ तयार केला. नेस्मिथ यांनी मॉन्ट्रियल येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले होते. धसमुसळेपणा टाळण्यासाठी चेंडू हातात घेऊन धावण्यास त्यांनी मूळ तेरा नियमांत मनाई केली आणि लक्ष्य डोक्यापेक्षा उंच ठेवले. संयमाचा धडा येथे प्रवचनातून न येता खेळाच्या नियमांतच गुंफला गेला. १८९५ मध्ये वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गन यांनी होलिओक येथे व्हॉलीबॉलची निर्मिती केली.

खेळाडूंची उदाहरणे

चार्ल्स स्टड : इंग्लंडचे क्रिकेटपटू. ज्या पराभवातून 'ॲशेस' ही संकल्पना जन्मली, त्या १८८२ मधील ओव्हल कसोटीत इंग्लंडला ७ धावा कमी पडल्या. त्या वेळी स्टड एकही चेंडू न खेळता शून्यावर नाबाद राहिले. १८८५ मध्ये केंब्रिजच्या सात तरुणांपैकी एक म्हणून ते मिशनरी कार्यासाठी चीनला गेले आणि वारशाने मिळालेली संपत्ती त्यांनी दान केली. १९०० ते १९०६ या काळात ते दक्षिण भारतातील उटकमंड येथे पाळक होते. त्यांनी १९१३ पासून आफ्रिकेतील कांगोत काम केले. तेथेच १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले.

एरिक लिडेल : या परंपरेत सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण. चीनमधील तिआनजिन येथे १९०२ मध्ये स्कॉटिश मिशनरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी होती. रविवार हा प्रभूचा दिवस असल्याने त्यांनी या शर्यतीत भाग घेण्यास नकार दिला. 'चॅरियट्स ऑफ फायर' (१९८१) या चित्रपटात हा निर्णय पॅरिसला निघताना ऐनवेळी झाल्याचे दाखविले आहे; प्रत्यक्षात वेळापत्रक त्यांना अनेक महिने आधी कळले होते. त्यांनी ४०० मीटरची तयारी केली आणि ती शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविले. २०० मीटरमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले.

पुढच्याच वर्षी ते चीनला परतले आणि तिआनजिनच्या महाविद्यालयात विज्ञान शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने त्यांना वेइशियन येथील नजरकैद छावणीत ठेवले. तेथे ते मुलांना विज्ञान शिकवीत आणि त्यांचे खेळ घेत. आरंभी रविवारी खेळ घेण्यास त्यांनी नकार दिला होता. मात्र देखरेखीविना खेळणाऱ्या मुलांत भांडणे होऊ लागल्यावर त्यांनी रविवारीही पंचाचे काम केले, अशी नोंद त्यांच्या चरित्रकारांनी केली आहे. स्वतःच्या पदकासाठी न मोडलेला नियम त्यांनी मुलांसाठी बाजूला ठेवला. करिंथच्या पत्रातील हक्क सोडण्याच्या विचाराशी हा प्रसंग पॅरिसच्या विजयापेक्षा अधिक जवळचा आहे. तरी प्रवचनांत त्याचा उल्लेख तुलनेने कमी होतो. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, छावणीची मुक्तता होण्यापूर्वी सुमारे सहा महिने, मेंदूतील गाठीमुळे त्यांचे निधन झाले.

जोनाथन एडवर्ड्स : इंग्लंडचे तिहेरी उडीपटू. रविवारी स्पर्धा असल्याने १९९१ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी भाग घेतला नाही. १९९३ पासून त्यांनी ही भूमिका बदलली. १९९५ मध्ये गोथेनबर्ग येथे १८.२९ मीटरची जागतिक विक्रमी उडी आणि २००० मध्ये सिडनीत ऑलिंपिक सुवर्णपदक त्यांनी मिळविले. या काळात ते श्रद्धावंत खेळाडूचा आदर्श मानले जात. निवृत्तीनंतर, २००७ मध्ये, आपली श्रद्धा उरली नसल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. एखाद्या खेळाडूच्या यशाला धर्माची साक्ष मानण्यातील अडचण त्यांच्या उदाहरणातून स्पष्ट होते. विक्रम अबाधित राहिला, परंतु त्याला जोडलेला बोध टिकला नाही.

भारतातील संबंध

केंब्रिजचे माजी नौकापटू सेसिल टिंडेल-बिस्को हे १८९० मध्ये श्रीनगर येथील मिशन शाळेत आले. नौकानयन, पोहणे आणि फुटबॉल यांच्या आधारे चारित्र्य घडविण्याचा प्रयोग त्यांनी केला. चामड्याचा चेंडू अपवित्र मानून काश्मिरी पंडित मुलांनी खेळण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना सक्तीने खेळायला लावण्यात आले. बुडणाऱ्यांना वाचविणे, आग विझविणे अशी लोकसेवा या शाळेच्या मुलांनी केली, याचे कौतुक होते. त्याचबरोबर या पद्धतीतील सक्ती आणि वसाहतवादी वृत्ती यांवर टीकाही होते.

मद्रास येथे १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. १९२४ च्या ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पाठविण्याच्या कामात मुंबईचे उद्योगपती दोराबजी टाटा यांच्यासोबत वायएमसीएचे ए. जी. नोरेन हे सचिव होते. ज्या स्पर्धेत लिडेल यांनी रविवारी धावण्यास नकार दिला, ती हीच स्पर्धा होय.

मुंबईतील नागपाडा हा भाग बास्केटबॉलपटूंसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मस्तान वायएमसीएच्या मैदानावर खेळणाऱ्यांत मुस्लिम तरुणांची संख्या मोठी राहिली आहे. मिशनरी संस्थेने आणलेला खेळ येथे धर्मोपदेशापासून अलग होऊन वस्तीचा झाला.

आधुनिक काळ

अमेरिकेत डॉन मॅक्लेनन यांनी १९५४ मध्ये 'फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलिट्स' ही संस्था स्थापन केली. प्रसिद्ध खेळाडू जर वस्तूंची जाहिरात करू शकतात, तर त्यांनी श्रद्धेविषयीही का बोलू नये, हा त्यामागील विचार होता. १९६६ मध्ये 'ॲथलिट्स इन ॲक्शन' ही संस्था सुरू झाली. कॅथोलिक चर्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० मध्ये रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळाडूंसाठी मिस्सा अर्पण केली. जून २०१८ मध्ये व्हॅटिकनने खेळ आणि मानवी व्यक्ती यांविषयी स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात खेळाच्या मूल्यांबरोबरच उत्तेजक द्रव्ये, भ्रष्टाचार आणि शरीराला वस्तू मानण्याची वृत्ती यांचीही चर्चा आहे.

टीका

अमेरिकी पत्रकार फ्रँक डेफर्ड यांनी १९७६ मध्ये 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकातील लेखमालेत खेळाडूंच्या धर्मप्रचारावर टीका केली. खेळाच्या माध्यमातून सांगितल्या जाणाऱ्या या धर्माला त्यांनी 'स्पोर्टिअॅनिटी' असे नाव दिले. अशा संस्था खेळातील गैरप्रकार सुधारण्याऐवजी खेळाच्या लोकप्रियतेचा केवळ उपयोग करून घेतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

धर्मशास्त्रीय दृष्टीने पुढील आक्षेप घेतले जातात :

• विजय ही देवाची कृपा मानल्यास पराभूत खेळाडूवर कृपा नव्हती, असा अर्थ निघतो. दोन्ही संघांत श्रद्धावंत असतील तर ही अडचण अधिकच ठळक होते.

• तारण हे कृपेने मिळते, कष्टांनी कमावता येत नाही, ही विशेषतः प्रोटेस्टंट पंथांची शिकवण आहे. परिश्रमाचे फळ म्हणून मिळणाऱ्या बक्षिसाचे रूपक या शिकवणीशी विसंगत ठरू शकते.

• बल, वेग आणि पौरुष यांच्या गौरवात दुर्बल, वृद्ध आणि दिव्यांग व्यक्ती दुर्लक्षित राहतात. पौलाने मात्र दुर्बलांच्या हितासाठीच हे रूपक वापरले होते.

सार्वजनिक संस्थांमध्ये खेळ आणि प्रार्थना यांचा संबंध कायद्याच्या कक्षेतही आला आहे. अमेरिकेतील बर्मर्टन येथील सरकारी शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक सामन्यानंतर मैदानाच्या मध्यभागी प्रार्थना करीत असे. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. अशा प्रार्थनेमुळे विद्यार्थ्यांवर अप्रत्यक्ष दबाव येतो, असे मत अल्पमतातील न्यायाधीशांनी नोंदविले.

या आक्षेपांच्या पार्श्वभूमीवर काही अभ्यासक आणि पाळक मूळ उताऱ्यांकडे परत जाण्याचा आग्रह धरतात. त्यांच्या मते खेळातून घेण्याजोगा बोध निकालफलकावर नसून सराव, संयम, नियमपालन आणि इतरांसाठी केलेला त्याग यांत आहे. हे गुण जिंकणाऱ्याइतकेच हरणाऱ्यालाही साध्य होतात. म्हणून ते प्रत्येक श्रद्धावंताला लागू पडतात.